आधी मोजमाप, मग पाना : वायरमनकाकांना आभाराचं पत्र

वायरमनकाका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या उष्णता साठवणाऱ्या विजेच्या शेगडीचा बिघाड तुम्ही शोधून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितो आहोत. तुमची शोधण्याची रीत अशी शेगडी असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे.

सकाळी शेगडी तापलेली, दुपारनंतर मंद आणि संध्याकाळी ओव्हन कोमट, अशी तक्रार असली की थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. तुम्ही आधी एकच विचारलंत : उष्णता आत भरत नाही, भरलेली टिकत नाही, की टिकलेली बाहेर येत नाही? गाभ्यातल्या जड विटा रात्रीच्या विजेवर तापतात आणि दिवसा पंखा ती गरम हवा ओव्हनकडे आणि वरच्या तव्यांकडे ढकलतो. म्हणून गाभा तापलेला पण ओव्हन गार, तर पंखा बघायचा. गाभाच पुरेसा तापत नसेल, तर भरणीची, म्हणजे रात्री उष्णता भरण्याची बाजू तपासायची. रात्रभर सगळं नीट भरूनही गाभा लवकर निवत असेल, तर झाकणं, दारांच्या सीलपट्ट्या आणि आतलं उष्णतारोधक भरण बघायचं. वीज जाऊन आल्यावर टाइम स्विचचं (ठरल्या वेळी भरणी चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) घड्याळ मागे पडलं असेल तर भरणी भलत्याच वेळी होते. तेही तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत पाहून घेतलंत.

सुरक्षेबाबतची तुमची शिस्त इथे सांगायलाच हवी. अशा काही शेगड्यांना विजेच्या दोन लाइनी असतात : एक रात्रीच्या भरणीची, दुसरी पंखा आणि कंट्रोलची. एक बंद केली तरी दुसरी जिवंत असू शकते. म्हणून दोन्ही आयसोलेटर (लाइन पूर्ण तोडणारे स्विच) बंद, आणि फेज, न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावून खात्री. टेस्टर पेटला नाही एवढ्यावर तुम्ही हात घातला नाहीत. वीज बंद झाली तरी विटा तापलेल्याच राहतात, त्यामुळे पॅनल पूर्ण निवल्याशिवाय उघडायचं नाही. त्याला एक दिवसाहूनही जास्त लागू शकतो. जुन्या शेगडीच्या उष्णतारोधक भरणात अ‍ॅस्बेस्टॉस (घातक तंतूंचा पदार्थ) असण्याची शंका असेल तर ते खरवडायचं नाही, झाडायचंही नाही. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

शेगडी पूर्ण निवण्याआधीच, भरणी चालू असताना तुम्ही फेजच्या वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्यातला प्रवाह मोजणारा चिमटा) लावलात. १ किलोवॉटची तीन एलिमेंट (विटा तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) समांतर जोडलेली असतील तर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर दिसायला हवेत. दिसले ८.७. म्हणजे तीनपैकी दोनच चालू. नुसत्या युनिटच्या आकड्यांवर हे कळलं नसतं, कारण विटांत आधीची उष्णता शिल्लक असेल तर चांगली शेगडीही भरणी लवकर थांबवते.

मग निवल्यावर प्रत्येक एलिमेंटचं एक टोक सोडवून वेगवेगळं मोजलंत. समांतर जोडलेलं असताना मोजलं तर बाकीच्यांचा रोध आकड्यात मिसळतो. एका किलोवॉटच्या एलिमेंटला ५३ ओहमच्या आसपास येतात. तिन्ही तसेच आले! दोष एलिमेंटमध्ये नव्हताच. तो होता एका टोकाच्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडात. वायरीचे पदर काळवंडलेले, थिंबल तपकिरी आणि सैल, आवरण वाळक्या पानासारखं चुरत होतं. रोज तापणं आणि निवणं यामुळे जोड हळूहळू ढिला होतो, ढिल्या जोडाचा रोध वाढतो, त्यामुळे तिथंच जास्त उष्णता तयार होते आणि जोड आणखी ढिला होतो. कथिलाचा मुलामा दिलेलं तांब्याचं थिंबल अशा जागी टिकत नाही, कारण कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तुम्ही निकेलचा मुलामा असलेलं थिंबल आणि सिलिकॉन रबर व काचधाग्याच्या आवरणाची वायर वापरलीत. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतचीच, ती तिथे चालत नाही. जळका भाग कापताना चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे गेलात, आणि हे महत्त्वाचं, कारण काळवंडलेल्या पदरांवर नवं थिंबल दाबलं तर तोच बिघाड परत येतो.

आणखी एक गोष्ट. शेगडी बरेच दिवस बंद राहिली की चालू करताच आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडू शकतो आणि लोक एलिमेंट गेलं समजून बदलतात. एलिमेंटच्या आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल ओढून घेते, आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली की आरसीसीबी पडतोच. तुम्ही कंट्रोल बोर्ड वेगळा करून ५०० व्होल्टचा मेगर (आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) लावलात. बोर्ड जोडलेला असता तर तो जळू शकला असता. आकडा एक मेगाओहमच्या वर होता. तो खाली असता तर आधी एलिमेंट सुकवायचं, बदलायचं नंतर, हेही सांगितलंत. त्यामुळे चांगल्या एलिमेंटचा खर्च वाचतो.

थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पडला असेल तर तो नुसता रिसेट करायचा नाही, बायपास तर कधीच नाही. पंखा अडकला आहे का, काँटॅक्टरचे (एलिमेंटची वीज चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत का, हे आधी बघायचं. आणि थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या जोडीच्या) तारा उलट लागल्या तर शेगडी तापताना कंट्रोलरवरचा आकडा खाली येतो. ही खूण आम्हाला फार आवडली.

दुरुस्तीनंतर पुन्हा १३ अँपिअर मिळाले. तुम्ही लिहून दिलेले तिन्ही एलिमेंटचे ओहम, मेगरचा आकडा आणि तारीख आम्ही मीटरपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे. पुढच्या वेळी तुलना तिथूनच करता येईल. तुमच्या धीराबद्दल आणि प्रत्येक पायरी समजावून सांगितल्याबद्दल पुन्हा एकदा आभार.

तुमचे ऋणी,
शेगडीवाल्या घरातली मंडळी