शुभे, मीटिंगमध्ये गप्प बसू नकोस

सांगली
रविवार, दुपार

प्रिय शुभे,

तुझा मेल शुक्रवारी रात्री क्लास सुटल्यावर वाचला आणि तेव्हापासून तुला लिहायचंच म्हणत होते, व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये म्हणून आज जेवणं झाल्यावर निवांत बसलेय. डब्लिनची थंडी, चिऊची शाळा, तुमचं भाड्याचं घर सगळं वाचलं, पण मध्येच तू एक वाक्य टाकलंयस ना, "मी आता मीटिंगमध्ये फारशी बोलत नाही, कशाला उगाच", ते काही डोक्यातून जाईना. वादविवाद स्पर्धेत भल्याभल्यांना पाणी पाजणारी तू, आणि कोणीतरी दहा जणांसमोर "प्रीपोन असा शब्दच नाहीये" म्हणाला म्हणून गप्प बसणार? खरंच वाईट वाटलं गं मला. त्या माणसाचा रागही आला.

पहिली गोष्ट, प्रीपोन, म्हणजे ठरलेलं अलीकडे आणणं, हा शब्द आहे. ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे, भारतीय इंग्रजीतला शब्द म्हणून रीतसर नोंद आहे. आणि तो किती कामाचा आहे ते बघ. आपण मराठीत मीटिंग "पुढे ढकलली" म्हणतो म्हणजे उशिरा घेतली, हो ना? इंग्रजीत "ब्रॉट फॉरवर्ड" म्हणजे बरोब्बर उलटं, आधी घेतली. म्हणजे आपण डोक्यात मराठी ठेवून ऐकलं तर हमखास चुकीच्या दिवशी जाऊन बसणार. बरं, ज्यांची भाषा आहे त्यांचं तरी कुठे एकमत आहे, "बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केलीय, तर आता कधी?" असं त्यांना विचारून बघितलं तर काही जण सोमवार सांगतात आणि काही शुक्रवार. प्रीपोनमध्ये हा घोळच होत नाही. पोस्टपोन आहे तर प्रीपोन का नको? तिथल्यांना तो शब्द माहीत नसेल तर त्यांच्यासाठी "अर्लियर" म्हण, पण चुकलीस असं समजू नकोस.

आता मी तुला नुसतं बरं वाटावं म्हणून सगळंच बरोबर आहे असं म्हणणार नाही. पंधरा वर्षं क्लास घेतेय, नर्सिंगच्या मुली, दुकानदार, इंजिनिअरिंगची पोरं, सगळे येतात, आणि आपली काही वाक्यं समोरच्याला खरोखर भलतंच सांगतात हे मी बघितलंय. तेवढी मात्र बदलावीत. तू ते डाऊटचं लिहिलंयस ना, की रिपोर्ट वाचून "आय हॅव अ डाऊट" म्हणालीस आणि ती बाई एकदम गार पडली, तेच बघ. आपण शाळेपासून "सर, डाऊट आहे" म्हणत आलो कारण आपल्या डोक्यात "शंका" असते. पण मराठीत शंका दोन प्रकारची असते, बघ जरा नीट. शंका *विचारणं* वेगळं आणि शंका *घेणं* वेगळं. विचारली की आपल्याला समजून घ्यायचं असतं, घेतली की समोरच्यावर संशय. तिकडच्या डाऊटमध्ये फक्त ती घेतलेली शंका आहे. त्यामुळे त्या बाईला ऐकू गेलं की तुझा तिच्या कामावर विश्वास नाही. चूक तिचीही नाही. पुढच्या वेळी सरळ "क्वेश्चन" म्हण आणि जमलं तर तिला एकदा चहा पिताना ही शंकेची गंमत सांग, मला वाटतं तिला आवडेल.

दुसरं रिव्हर्ट. माझा एक स्टुडंट हिंजवडीला आयटीत आहे, त्याने परदेशातल्या टीमला नवीन कोड पाठवून खाली लिहिलं, "प्लीज रिव्हर्ट बाय ईव्हनिंग". म्हणजे संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. त्यांच्याकडे रिव्हर्ट म्हणजे होतं तसं परत करणं, आणि त्या माणसाने सांगितल्याप्रमाणे इमानदारीत केलेला सगळा बदल मागे घेतला. पोरगा रात्रभर जागून ते परत चढवत बसला होता, सकाळी मला फोन केला तेव्हा आवाज बसलेला. आपल्या ऑफिसांमधून रिव्हर्ट म्हणजे उत्तर हे इतकं रुळलंय की कोणाच्या मनातही येत नाही. तिथे रिप्लाय म्हणत जा.

आणि तिसरं आपलं "च". हे मला सगळ्यात जास्त आवडतं शिकवायला, कारण इथे मराठीची ताकद दिसते. मीच पाठवलं, मी कालच पाठवलं, मी पाठवलंच, एक अक्षर फक्त सरकवायचं आणि वाक्याचा रोख बदलतो. इंग्रजीत हे काम जास्त करून आवाजाने करतात, शब्दावर जोर देऊन, त्यामुळे आपल्याला तिथे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि आपण "ओन्ली" चिकटवतो. आय ॲम हिअर ओन्ली, टुडे ओन्ली. बऱ्याच ठिकाणी चालून जातं. पण "मी कालच पाठवलंय" यात आपल्याला म्हणायचं असतं की बघा, केव्हाच पाठवलं, माझ्याकडून उशीर नाही, आणि "ओन्ली यस्टर्डे" ऐकलं की त्यांना कळतं की काल कुठे पाठवलं, म्हणजे उशिराच. अगदी उलट! मुलींना हे फळ्यावर लिहून दाखवलं की वर्गात एकदम शांतता होते, प्रत्येकीला आपला एखादा मेल आठवत असतो. तिथे "ऑलरेडी" वापर.

सिन्स आणि फॉरचं तू विचारलंयस. आपलं "पासून" दोन्हीकडे चालतं, सोमवारपासून पण आणि आठ महिन्यांपासून पण, म्हणून आपण "सिन्स एट मंथ्स" म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे सिन्सला सुरुवातीचा दिवस लागतो आणि फॉरला किती काळ ते. सिन्स मार्च, फॉर एट मंथ्स. बोलताना चुकलं तरी कोणाचं काही अडत नाही, अर्ज वगैरे लिहिताना बघत जा. पास आऊट झाले असं मात्र सीव्हीत लिहू नकोस, तिकडे त्याचा अर्थ चक्कर येऊन पडले. ग्रॅज्युएटेड लिही.

बस, एवढंच. बाकी त्या माणसाने ज्या ज्या चुका काढल्या त्यातल्या निम्म्या चुकाच नाहीयेत. वाक्याच्या शेवटी फॉर, विथ असं यायला नको म्हणाला ना? हा आक्षेप ड्रायडन नावाच्या कवीने 1672 मध्ये बेन जॉन्सनच्या लिखाणावर घेतला होता, बहुधा डोळ्यासमोर लॅटिनचा नमुना ठेवून, आणि इंग्रज लोक त्याच्या आधीपासून ते आजपर्यंत "हू आर यू वेटिंग फॉर" असंच बोलतात. आणि रिसीटमधला पी तू उच्चारलास म्हणून हसला म्हणतेस, तर अगं तो पी आधी स्पेलिंगमध्ये धड नव्हताच, लॅटिन शब्दाशी नातं दिसावं म्हणून शिकलेल्या लोकांनी मागाहून घुसवला, कर्ज या अर्थाच्या डेटमधला बी पण तसाच. आयलंडमधला एस तर चुकूनच आलाय, आयल नावाच्या वेगळ्याच शब्दाकडे बघून लावला आणि तो कायमचा बसला. ॲप्रन आधी नॅप्रन होता, "अ नॅप्रन" भराभर बोलताना "ॲन ॲप्रन" ऐकू आलं आणि एन तिकडे गेला तो गेलाच. ज्या भाषेत शेकडो वर्षांच्या चुका आज शुद्ध म्हणून शाळेत शिकवतात तिथे एका उच्चारावरून कोणाला हसायचं म्हणजे मला पटतच नाही. क्लासमध्ये माझा एकच कडक नियम आहे, उच्चारावर हसायचं नाही. जो शब्द चुकीचा उच्चारतो त्याने तो बहुतेक वाचून मिळवलेला असतो, कोणी घरी बोलत नव्हतं म्हणून.

आणि शुभे, तू नेमकी कुठे आहेस बघ ना. आयर्लंडमध्ये! तिथल्या लोकांचं इंग्रजी नीट कान देऊन ऐक. "शी वॉज गिव्हिंग आऊट टू मी" म्हणाले की ती मला ओरडत होती, रागावत होती. हे त्यांच्या जुन्या आयरिश भाषेतनं शब्दाला शब्द आलंय. "आयम आफ्टर ईटिंग" म्हणजे मी नुकतंच जेवले, तेही आयरिशच्या व्याकरणातलं. आयरिशमध्ये हो आणि नाही असे सुटे शब्दच नाहीत, क्रियापद परत म्हणून उत्तर देतात, अगदी आपण "जेवलीस का" ला "जेवले" म्हणतो तसं, आणि इंग्रजी बोलतानाही पुष्कळ जण नुसतं यस न म्हणता "आय डिड", "आय ॲम" म्हणतात. शिवाय तुम्ही साठी "यूझ" ऐकलं असशील डब्लिनमध्ये. माझ्याकडे नवीन बॅचला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, मॅडम, यू म्हणजे तू की तुम्ही? इंग्रजीत पूर्वी तू साठी दाऊ होता आणि यू म्हणजे तुम्ही, पुढे दाऊ मागे पडला आणि सगळ्यांना यूच राहिलं, मग अनेकांशी बोलताना अडायला लागलं तेव्हा डब्लिनकरांनी आपला आपण शब्द करून घेतला. त्यांच्या इंग्रजीखाली त्यांची आयरिश आहे, तुझ्या इंग्रजीखाली मराठी आहे. ऑफिसातल्या त्या रिसेप्शनवरच्या आजींना विचार, त्यांच्या लहानपणी कोणी त्यांचं बोलणं सुधारायला गेलं होतं का. मला कळव काय म्हणतात ते.

मंगळवारच्या मीटिंगला एक तरी गोष्ट स्वतःहून बोल. लिहून ने हवं तर. अडलं तर अड, समोरचे थांबतात, खरंच थांबतात.

चिऊचं राहिलं. तिने मुंगूसचं इंग्रजी अनेकवचन "मंगीस" लिहिलं आणि बाईंनी खोडलं, का ते तुला सांगता आलं नाही म्हणून तू खट्टू झालीस. बाईंचं बरोबर आहे, "मंगूसेस" हेच रूढ आहे. गूसचं गीस होतं पण या शब्दात गूस नाहीच आहे, हा शब्द इंग्रजीत गेलाय तोच मुळी आपल्या मराठीतनं, मुंगूस! चिऊला सांग की आख्ख्या वर्गात तो शब्द तिच्या घरचा आहे. आणि विट्याच्या तुमच्या वाड्यामागे हौदापाशी ते यायचं ते पण सांग, आपण दोघी पायरीवर बसून "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ" म्हणत ओरडायचो आणि ते खरंच पळता पळता थबकून मागे वळून बघायचं. आजी म्हणायच्या आज दिवस चांगला जाणार. ते तिला मराठीतच शिकव.

तुझी,
मंगल