हृदयावरचं संशोधन, फुकटची पीएचडी आणि 'गुड मॉरल कॅरेक्टर'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर तुमची करिअर पुरवणी आली, आवडीनं वाचली, पण परत तेच, नीट, सीईटी, एमपीएससी, आणि शेवटच्या पानावर कुठल्या तरी अकॅडमीची जाहिरात. आमच्या सांगली-साताऱ्यात दरवर्षी एवढी पोरं बायोकेमिस्ट्री, झूऑलॉजी, बायोटेक घेऊन एमएस्सी होतात, त्यांनी पुढं काय करायचं हे कुणीच छापत नाही. मग बीएड नाहीतर फार्मा कंपनीत क्यूसी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायची नोकरी. मी इथल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे मिळतात तशी, एमएस्सीला शिकवते म्हणून हे रोज बघते.

मिरजेत गल्लीगल्लीत हॉस्पिटलं, घरटी कुणाला ना कुणाला स्टेंट बसलेला, तरी हृदयावर संशोधन म्हटलं की पोरं म्हणतात मॅडम त्याला डीएम कार्डिओ, म्हणजे हृदयाच्या डॉक्टरची डिग्री लागते. कुणी सांगितलं? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं स्वदेशी हार्ट व्हॉल्व्ह बनवला, आधीची मॉडेलं फेल गेली, शेवटी डिसेंबर १९९० ला तो पेशंटला बसला, त्यात सर्जनच्या जोडीला इंजिनिअर आणि मटेरियलवाले पण होते. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवरच्या संशोधन संस्थेनं इतरांच्या सोबतीनं २००९ ला दाखवून दिलं की हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रोटीनच्या जीनमधली डीएनएची २५ अक्षरं गळालेली असली तर पुढं हार्ट फेल व्हायचा धोका बराच वाढतो, आणि आपल्याकडं शंभरात साधारण चार जणांत ती गळालेली असतात. हे सगळं पीसीआर आणि सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढून त्यातली अक्षरं वाचायचं काम, म्हणजे आमच्या पोरांचंच की.

दुसरा गैरसमज पैशाचा. पीएचडी म्हणजे बापानं अजून पाच वर्षं पोसायचं असं घरात वाटतं. सीएसआयआर-यूजीसी नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत लाइफ सायन्समधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ (सीनिअर) झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा आहे. (मला सीएचबीवर किती मिळतात ते विचारू नका.) विद्यापीठात पहिली आलेली असेल तर केंद्र सरकारची इन्स्पायर फेलोशिप आहे, आणि आपल्या राज्याच्या सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिप आहेत. फक्त एक बघा, २०२४ पासून नेटच्या निकालात 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असा पण प्रकार असतो, त्यावर अॅडमिशनला अर्ज करता येतो पण फेलोशिप मिळत नाही, तिथं पोरं पेढे वाटून मोकळी होतात आणि नंतर कळतं.

परदेशाचं पण सांगते कारण तिथं जास्त फसवाफसवी आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन तिथल्या काही विद्यापीठांत चार वर्षांच्या पीएचडीला पैसे देतं, पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये फिरून काम करायचं आणि मग आपला प्रोजेक्ट ठरवायचा, फार छान सोय आहे. पण बऱ्याच ठिकाणी फी तिथल्या मुलांच्या दरानंच भरली जाते, आपल्यासारख्यांची फी त्याच्या कितीतरी पट असते, तो फरक विद्यापीठ भरणार का हे जाहिरातीत खाली बारीक अक्षरात असतं ते आधी वाचायचं. व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज वेगळा, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आधीच भरावा लागतो. त्यापेक्षा जर्मनी बघा, तिथं बऱ्याच ठिकाणी पीएचडीला नोकरीसारखं कॉन्ट्रॅक्ट असतं, पगार मिळतो. बाड नाउहाइमला मॅक्स प्लांकची हृदय आणि फुप्फुसाचीच संस्था आहे. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी नेटवर्क या योजनेतल्या पीएचडीच्या जागा कुठल्याही देशाच्या मुलांना खुल्या असतात, अट एवढीच की ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ पेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं. आपली पोरं पुण्याच्या पलीकडं गेलेली नसतात, त्यामुळं या अटीत आपण आरामात बसतो! आणि यातल्या कशालाही एजंट लागत नाही. पीएचडीची सीट मिळवून देतो म्हणून कुणी लाखभर मागत असेल तर सरळ उठून घरी यायचं.

आता मेन मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसले. आमची पोरं मार्कांत कमी पडत नाहीत, शिफारसपत्रात मार खातात. अर्जात दोन-तीन रेफरी, म्हणजे शिफारस करणारे शिक्षक मागतात, त्यांना थेट लिंक जाते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचा ईमेल संस्थेचाच लागतो, जीमेल चालत नाही. आमच्याकडं निम्म्या सरांचं सगळं काम जीमेलवर. लिंक येते, पडून राहते, तारीख निघून जाते. पोरगी केबिनबाहेर उभी, तर आतून उत्तर, तूच लिहून आण, मी सही करतो. मग ती आधीच्या बॅचच्या मुलीचं पत्र घेते, नाव बदलते, आणि तिकडं जातं काय तर सिन्सिअर, ओबिडियंट, गुड मॉरल कॅरेक्टर. अहो लग्नाचं स्थळ सुचवताय का!

आमच्या एका विद्यार्थिनीनं डाफ्नियावर प्रोजेक्ट केला. डाफ्निया म्हणजे तळ्याच्या पाण्यात असतो तो पिसवेएवढा जीव, आरपार दिसतो, मायक्रोस्कोपखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं. कॅफीन दिल्यावर ठोके किती बदलतात ते तिला मोजायचं होतं, पण ठोके इतके भराभर पडतात की डोळ्यानं मोजणं होईना. कुणी न सांगता तिनं आयपीसला मोबाईल लावला, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम बघून मोजलं, वर मैत्रिणीकडून वेगळं मोजून घेतलं, दोघींचे आकडे जुळतात का बघायला. पीएचडीला घेणाऱ्या माणसाला नेमकं हेच वाचायचं असतं. तिच्या पत्रात यातली एक ओळ नव्हती, चारित्र्य मात्र उत्तम होतं.

म्हणून कॉलेजांना सांगणं आहे की प्रत्येक शिक्षकाला कॉलेजचा ईमेल द्या आणि तो चालू ठेवा, सीएचबीवाल्यांना पण द्या कारण बऱ्याचदा प्रोजेक्ट आम्हीच करून घेतो. पत्र ज्यानं काम बघितलंय त्यानं लिहावं, विभागप्रमुखांची सही मोठी दिसते म्हणून त्यांच्याकडं पळू नये. आणि एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला झेरॉक्सच्या दुकानातून बाइंडिंग करून येणारे तयार प्रोजेक्ट बंद करा. मिरज-कराडला मेडिकल कॉलेजं आहेत, पुण्याला आयसर, आघारकर, एनसीसीएस या संशोधन संस्था आहेत, तिथं चार-सहा महिने पोरं पाठवता येतात, फक्त प्राचार्यांचं एक पत्र वेळेत गेलं पाहिजे.

तुमच्याकडून एवढंच पाहिजे की पुरवणीत नीटच्या शेजारी या फेलोशिपच्या तारखांना एक चौकट द्या, आणि ती जूनमध्ये नको, दिवाळीच्या आधी द्या. परदेशातले बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात आणि आपली पोरं निकाल हातात आल्यावर शोधायला लागतात. चौकटीत जागा उरली तर सर लोकांसाठी पण एक ओळ टाका, रेफरन्सची लिंक कधी कधी स्पॅममध्ये जाते, तिथं पण बघत जा म्हणावं.

आपली,
एक सीएचबी प्राध्यापिका, विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये ही विनंती, अजून नेमणुकीची ऑर्डर रिन्यू व्हायचीय.)