बेरा टेस्टला वेळ लागतो, लागू द्या

संपादक महोदय,
स. न.

गेल्या महिन्यात नातवाच्या कानांची बेरा टेस्ट (बाळाला ऐकू येतं का हे पाहणारी तपासणी) करायला गेलो होतो, तिथे बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींची एकच कुरकुर, एवढा वेळ आत करतात तरी काय, ईसीजी तर पाच मिनिटांत होतो. शाळेत तीस वर्षं फिजिक्स शिकवल्यामुळे मला गप्प बसवेना, तिथे जे बोललो तेच लिहितोय.

ईसीजीचा सिग्नल मिलिव्होल्टचा असतो हो. बेरात कानात टिक असा आवाज सोडला की कानाची नस आणि मेंदूचा तळाचा भाग पहिल्या दहाएक मिलिसेकंदांत उत्तर देतो, पण ते उत्तर अर्ध्या मायक्रोव्होल्टपेक्षाही कमी (मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग), आणि डोक्याला लावलेल्या त्याच इलेक्ट्रोडवर मेंदूची नेहमीची खळबळ चालू असते ती त्याच्या कितीतरी पट मोठी, वर मानेचे जबड्याचे स्नायू आहेतच. एका टिकवरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून मशीन तीच टिक २००० वेळा वाजवतं आणि प्रत्येक टिकनंतरचा तुकडा एकावर एक ठेवून सरासरी काढतं. दिंडीत गप्पा ज्याच्या त्याच्या वेळेला चालतात त्या एकमेकांत विरून जातात, टाळ मात्र सगळ्यांचा एकदमच पडतो, तसंच हे. लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये असे ग्राफ एकाच फोटोवर एकावर एक घेतले होते, कॉम्प्युटर नसताना!

आता मेख अशी की नॉइज, म्हणजे ही नको असलेली खळबळ, वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, २००० टिकला जेमतेम ४५ पट. बाळ चुळबुळ करत असेल आणि नॉइज तिप्पट झाला तर तेवढाच स्वच्छ ग्राफ यायला टिक नऊपट लागतात, म्हणजे सव्वा मिनिटाचं काम अकरा मिनिटांवर जातं, आणि असे ग्राफ दोन्ही कानांचे, वेगवेगळ्या आवाजाला, प्रत्येकी दोनदा. म्हणून झोपवून आणा म्हणतात (आमचं रिक्षातच झोपलं आणि दारात उठलं, ते वेगळं).

अजून एक गंमत, सेकंदाला बरोबर २५ टिक दिल्या तर घरच्या लाइटच्या ५० हर्ट्झची गुणगुण दरवेळी त्याच जागी येऊन बसते आणि सरासरीत जातच नाही, म्हणून मुद्दाम २७.७ सारखा आडनिडा आकडा घेतात. इअरफोनच सैल असेल तर दोन हजार काय दोन लाख टिक देऊनही उपयोग नाही.

हे सांगायचं कारण, त्याआधी एका सेंटरमध्ये बाळ जागं असताना घाईघाईत एकदाच ग्राफ काढून "ऐकू येत नाही असं वाटतंय" म्हणून पाठवून दिलं, घरात दोन आठवडे कोणाला धड जेवण गेलं नाही. दुसरीकडे गाढ झोपेत दोनदा काढला, ते दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवून दाखवले, पाचवी लाट (आवाज पोचल्याची ग्राफमधली मुख्य खूण) दोन्हींत एकाच जागी. तेव्हा पालकांनी दुसऱ्यांदा काढलेला ग्राफ मागावा, आणि सेंटरवाल्यांनी एका सकाळी डझनभर बाळांना नंबर देऊ नयेत एवढंच.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा