स्वस्त पुस्तकाची निगा : मित्रास पत्र

कोल्हापूर,
८ जुलै

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्या काढण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. मात्र ‘किंमत कमी ठेवायची तर मुद्रितशोधन एकदाच पुरे’ हे वाक्य सलले, म्हणून लगेच लिहायला बसलो.

तू ‘पेंग्विन’ या स्वस्त इंग्रजी पुस्तकमालेचा संस्थापक ॲलन लेन याचा दाखला दिला आहेस, तर त्याची हकिगत पुरती पाहू. शाळा सोडून तो १९१९ मध्ये जॉन लेन या नातेवाइकाच्या ‘बॉडली हेड’ प्रकाशनात उमेदवारी करू लागला. १९३४ मध्ये अगाथा ख्रिस्ती यांच्याकडून परतताना इंग्लंडमधल्या एक्झेटर रेल्वे स्थानकावर वाचण्याजोगे काहीच मिळाले नाही आणि तिथे पेंग्विनची कल्पना सुचली, असे सांगतात. ३० जुलै १९३५ रोजी पहिली दहा पुस्तके निघाली, प्रत्येकी सहा पेन्सना, म्हणजे तेव्हाच्या दहा सिगारेटींच्या पाकिटाच्या भावात. एवढ्या किमतीत प्रती हजारोंनी खपल्याशिवाय खर्चही निघणार नव्हता. पुस्तकविक्रेते साशंक असताना वूलवर्थ या दुकानसाखळीने ६३,५०० प्रती मागवल्या आणि लेनचा जीव भांड्यात पडला. १९३७ मध्ये ‘पेलिकन’ ही ज्ञानविषयक माला आली, तिच्या आरंभीच्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते.

इथवरचे तुला ठाऊक असेल. मला मोलाचे वाटते ते पुढचे आहे. पुस्तके लाखोंनी खपत असताना लेनने १९४७ मध्ये यान चिचोल्ड या नामांकित अक्षररचनाकाराला बोलावून घेतले. शब्दांमधले अंतर किती असावे, विरामचिन्हे कुठे आणि कशी बसवावीत, याचे नियम त्याने चार पानांत घालून दिले आणि शेकडो शीर्षकपाने स्वतः दुरुस्त केली. ही सारी निगा त्या मालिकेतल्या सर्वांत स्वस्त पुस्तकालाही मिळत होती. पुढे १९५२ मध्ये लेनला ‘सर’ हा किताब मिळाला आणि १९६० मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीवरचा अश्लीलतेचा खटला त्याच्या संस्थेने जिंकला, पण मला थोर वाटतात ती ही चार पाने.

पूर्वी एका प्रकाशकाकडे मी मुद्रिते, म्हणजे छपाईआधी चुका पाहण्यासाठी काढलेल्या कच्च्या प्रती, तपासत असे. खर्च वाचवायला त्यांनी दुसरे मुद्रित काढलेच नाही, आणि ‘आईची चिंता’ छापून आली ती ‘आईची चिता’ होऊन. पुढे करवीर नगर वाचन मंदिरातली प्रत चाळताना दिसले, कुणा वाचकाने बारीक पेन्सिलीने तो अनुस्वार दिला होता. त्या टिंबाकडे पाहताना मला जी शरम वाटली, ती अजून गेलेली नाही.

कागद साधा घे, बांधणी पुठ्ठ्याची नको, मुखपृष्ठ दोन रंगांत कर. तिथे काटकसर चालेल. पहिल्या पुस्तकाचे दुसरे मुद्रित मात्र माझ्याकडे पाठव. ते मी वाचून देईन, त्याचे पैसे नकोत. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिनकर