पिन ठोकायच्या आधी

फोंडा, 12 जुलै

प्रिय बाळा,

काल फोनवर तू घाईत होतास म्हणून सगळं बोलता आलं नाही, आणि असल्या गोष्टी फोनवर अर्ध्यामुर्ध्या सांगण्यात अर्थ पण नाही, म्हणून बसून टाइप करतोय. शारजात तुमच्याकडे ती निसान पॅट्रोल आलीय ना, शेवरलेटचं एलएस इंजिन टाकलेली, सुपरचार्जर (बेल्टवर चालून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप) बसवायचाय आणि बॅलन्सर, म्हणजे पुढची जड पुली, क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टला, भोक मारून पिन करायचाय, हे काम तुझ्यावर सोपवलंय हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. आईला पण सांगितलं. तिला बॅलन्सर काय ते कळलं नाही पण खूश झाली.

आता कामाचं. पिन पकडत नाही रे, पकड असते फिटची, म्हणजे पार्ट शाफ्टवर किती घट्ट बसतो त्याची, आणि बोल्टची. पिन फक्त फिरायला लागलं तर अडवायला असते. आपल्याकडे मशीनवर येणारे निम्मे लोक उलटं समजतात, ढिला पार्ट घेऊन येतात आणि म्हणतात पिन मारून दे, बस. सध्या ट्रॉलरबंदी चालू आहे, 1 जून ते 31 जुलै, त्यामुळे मलीम जेटीच्या बोटींची कामं रांगेत पडलीत, आणि त्यातच एक पुली आली, इंजिनच्या पुढच्या टोकावरची, जिच्यावरून जाळं ओढायचं विंच चालतं. बोअर ढिलं झालेलं, आधी कुणीतरी नुसती की, म्हणजे शाफ्ट आणि पुलीच्या खाचेत बसणारी पट्टी, बदलून दिलेली. हातात घेऊन बघितलं तर की-वेची, म्हणजे त्या खाचेची, एक बाजू उतरून गोल झालेली आणि शाफ्टवर तपकिरी पावडरीसारखा गंज घासून आलेला. तो रंग दिसला की समजायचं, पार्ट आत बारीक हलतोय. असं हलायला लागल्यावर कितीही मोठी की घाल, तीच कापली जाते. मी बोअर मोठं करून आत बुश, म्हणजे धातूची नळी, घातला, फिट नीट केलं आणि मगच नवीन की कापली.

तुझ्या इंजिनात तर फॅक्टरीतून बॅलन्सरला की नाहीच. जुन्या शेवरलेट स्मॉल ब्लॉकला असायची, 1997 ला एलएस1 आलं तेव्हापासून बॅलन्सर नुसता घट्ट दाबून बसवतात आणि समोरून एम16 बोल्ट आवळतात. साध्या गाडीला ते पुरतं, अल्टरनेटर आणि एसीला ताकद लागते ती कितीशी. पण सुपरचार्जर पूर्ण बूस्टवर, म्हणजे हवेचा दाब पूर्ण असताना, पन्नास-शंभर हॉर्सपावर सहज खातो, आणि ते सगळं त्याच पुलीतून जातं. त्याहून वाईट म्हणजे झटका. गिअर बदलताना इंजिनचे आरपीएम धाडकन पडतात पण सुपरचार्जरचे आतले रोटर त्याच वेगात फिरत असतात, बेल्ट उलटा ओढतो, मग परत अॅक्सिलरेटर दाबला की सुलटा. वाळूत टेकड्या चढवणाऱ्या गाडीला हे दिवसभर चालतं. तिथे फिट सुटतं.

आणि फिट सुटलं तर नुसता बूस्ट जात नाही हे पण लक्षात ठेव. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला पीळ बसतो आणि पुढचं टोक सगळ्यात जास्त हलतं, ते शांत करायला बॅलन्सर आहे. तो क्रँकला घट्ट नसेल तर त्याचं कामच होत नाही, आणि क्रँक थकून तुटायचा धोका येतो.

आधी माप घे. क्रँकचं टोक थिनरने स्वच्छ पूस, मायक्रोमीटर लाव, तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी 90 डिग्रीत दोनदा. हबचं, म्हणजे बॅलन्सरच्या मधल्या भागाचं, बोअर पण तसंच, बोअर गेजने. बॅलन्सरवाल्याच्या कागदावर किती टाइट हवं ते दिलेलं असतं, ते जुळलं तरच पुढे जा, ढिला निघाला तर बॅलन्सर परत कर, मालक काय वाट्टेल ते म्हणो. एसएफआय 18.1 चा, म्हणजे रेसिंगच्या सेफ्टी टेस्टचा, शिक्का बघ, रबर रिंगवाला असेल तर रबर कुठे बाहेर आलंय का बघ. बसवताना हातोडा अजिबात नको, त्या थ्रस्ट बेअरिंगवाल्या लांब स्क्रूच्या टूलने ओढून बसव. एलएस1 ला फॅक्टरीची रीत अशी आहे की जुन्या बोल्टने 240 फूट-पाउंडपर्यंत आवळून बॅलन्सर तळाला बसवायचा, मग तो काढून नवीन बोल्ट 37 फूट-पाउंड आणि वर 140 डिग्री. तो बोल्ट ताणला जातो, परत वापरायचा नाही. तुम्ही एआरपी कंपनीचा बोल्ट घालणार असाल तर त्यांच्या कागदावरचा आकडा आणि त्यांचंच लुब्रिकंट, कारण कोरड्या आट्यांवर आणि तेलकट आट्यांवर तोच टॉर्क लावला तरी दाब वेगळा येतो.

पिनच्या भोकाची जागा म्हणजे जिथे हब आणि क्रँक एकमेकांना टेकतात ती रेघ, अर्धं भोक ह्यात अर्धं त्यात. इथेच चुकतं सगळ्यांचं. बहुतेक एलएसचे क्रँक नोड्युलर कास्ट आयर्नचे असतात, एलएस7 वगैरेचे फोर्ज्ड स्टीलचे, आणि आफ्टरमार्केट हब बहुतेक स्टीलचा, म्हणजे दोन्हीकडे धातूचा कडकपणा वेगळा आणि ड्रिल मऊ बाजूला पळतं. म्हणून जिग, म्हणजे ड्रिलला सरळ धरणारा साचा, पाहिजेच, हार्ड बुशवालं, क्रँकच्या बोल्टच्या आट्यात घट्ट बसवलेलं. हाताने अंदाजाने मारणारे असतील तिथे, तू मारू नकोस. ड्रिलला खोलीसाठी स्टॉप कॉलर लाव, स्पीड कमी, कटिंग ऑइल, थोडं मारलं की बाहेर काढून चिप्स झाड, सीलच्या ओठाकडे चिप गेली तर पुढे ऑइल गळणार. दोन सुताची पिन असेल तर ड्रिल त्याहून थोडं लहान, रीमरला, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या टूलला, काढायला 0.2 मिमीच्या आसपास ठेव. रीमर हाताने, सरळ, आणि बाहेर काढताना पण घड्याळाच्याच दिशेने फिरव, उलटा फिरवलास की धार गेली आणि भोक पण ओरबाडलं.

पिना दोन घाल, समोरासमोर, म्हणजे बॅलन्स बिघडत नाही. भोक तळाला बंद आहे, त्यात तेल किंवा लॉकटाइट भरून राहिलं तर पिन खाली जाणारच नाही, म्हणून बाजूने बारीक सपाट घासलेली पिन घे, हवा निघून जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पिन हबच्या तोंडाच्या किंचित खाली गेली पाहिजे. वरून नख फिरवून बघ, नख अडकलं तर बोल्टचा वॉशर पिनवर टेकेल, हबवर नाही, रेंच टॉर्क दाखवेल आणि दाब मात्र हबवर आलेलाच नसेल. हे बाहेरून कुणाला दिसत नाही, आवळणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून मी इतकं लांबण लावतोय.

मालक शुक्रवारी डेझर्टला न्यायचीय म्हणून मागे लागलाय म्हणालास. लागू दे. जिग येईपर्यंत ड्रिलला हात लावू नकोस, आणि फोरमनला स्पष्ट सांग, भांडू नकोस, माप दाखव. एकदा क्रँकमध्ये वाकडं भोक पडलं की ते काढता येत नाही, दुसऱ्या जागी मारावं लागतं, आणि क्रँक त्याचा असला तरी हात तुझा.

मायक्रोमीटरची रीडिंग मला व्हॉट्सअॅपवर पाठव, टोकाची आणि बोअरची वेगवेगळी, आणि कुठल्या तापमानाला घेतलीस ते पण लिही, तुमच्याकडे जुलैत शेडमध्ये धातू भट्टीसारखा तापतो, तेव्हा दोन्ही पार्ट रात्रभर एसीच्या खोलीत ठेवता आले तर ठेव, क्रँक गाडीतच असेल तर निदान सकाळी लवकर माप घे. मी दुपारी दोननंतर मशीन बंद करतो, तेव्हा फोन कर. चवथीची तिकिटं आईने विचारलीत, ती पण सांग.

तुझा,
बाबा