तिकीट काढलेल्यांना कोर्टाची धमकी कशासाठी?

महोदय,

परवा आपल्या अंकात फुकट्या प्रवाशांवरच्या कारवाईची बातमी होती आणि कालच्या अंकात त्यावर वाचकांची मतं. 'दंड पुरे झाला, आता थेट आत टाका' असं एका वाचकाने लिहिलं आहे. ते वाचल्यापासून चैन पडेना म्हणून हे पत्र. कारण गेल्या पावसाळ्यात अगदी हेच शब्द माझ्या मुलीला टीसी ऑफिसात उभं करून ऐकवले गेले, आणि तिने तिकीट काढलेलं होतं.

ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. एरवी पास असतो; त्या दिवशी मावशीकडून परत येत होती, म्हणून मोबाईलवर तिकीट काढलं. पाऊस, सिग्नल बंद, गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेली. घरून आमचे फोनवर फोन. बॅटरी संपली. स्टेशनात उतरली तर पुलाच्या पायऱ्यांपाशी तपासणी. फोन बंद असेल तर तिकीट नाही असंच धरायचं, हा नियम मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बनावट पास दाखवणारे भेटतात, टीसींना रोज हुज्जत घालावी लागते, हेही मान्य. मुलगी दंड भरायलाही तयार होती. पण हल्लीच्या मुलांचे पैसेही फोनमध्येच असतात. पर्समध्ये रिक्षापुरते सुटे होते, तेवढेच.

टीसी ऑफिसात टेबलाशेजारच्या प्लगला चार्जर लावलेला होता. 'सर, पाच मिनिटं लावू द्या, तिकीटही दाखवते आणि पैसेही भरते,' असं ती म्हणाली. त्यावर उत्तर मिळालं, 'चार्जिंग करून द्यायला बसलोय का इथे? केस करतो तुझ्यावर. सहा महिने आत जाशील, मग कॉलेजवालेही नाव कमी करतील.' ओल्या कपड्यांनी ती तिथे भिंतीला टेकून उभी होती. बसायला कुणी सांगितलं नाही. शेवटी एका महिला पोलिसाने आपला फोन दिला (त्या ताईंचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानते), तेव्हा तिचा मला फोन आला. रडत म्हणाली, 'आई, मला कोर्टात नेणार आहेत.' मी धावत गेले. २५० रुपये भरले, वर गाडी सुटली त्या स्टेशनापासूनचं भाडं भरलं, कारण ती नक्की कुठे चढली याचा पुरावा नव्हता. पावती घेतली. घरी येऊन फोन चार्ज केला, तर तिकीट जागच्या जागी, वेळेसकट.

पैसे गेले त्याचं काही नाही. पण सहा महिन्यांची कैद आली कुठून, म्हणून मी रेल्वे कायदा, १९८९ मिळवून वाचला. सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही शिक्षा कलम १३७ मध्ये आहे. पण ते कलम सुरूच होतं फसवणुकीच्या हेतूपासून. रेल्वेला बुडवण्याच्या इराद्याने जो प्रवास करतो, त्याच्यासाठी ते आहे. मागितल्यावर तिकीट दाखवता आलं नाही, तर त्यासाठी कलम १३८ वेगळं आहे. त्यात भाडं, आणि वर जादा आकार: भाड्याइतकी रक्कम किंवा २५० रुपये, यांतली जी मोठी असेल ती. ती भरली नाही तर वसुलीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण ते पुढचं. माझी मुलगी तर 'भरते' म्हणत होती. आणखी एक. अधिकृत कर्मचाऱ्याच्या परवानगीने विनातिकीट गाडीत चढलात आणि तसा दाखला जवळ असला, तर हा जादा आकारही लागत नाही. म्हणजे प्रामाणिक माणूस अडचणीत येऊ शकतो, हे कायदा करणाऱ्यांनी धरलेलं होतं. तपासणीच्या टेबलावर मात्र १३७ आणि १३८ यांत फरकच उरत नाही. समोरचा जितका घाबरट, तितकं मोठं कलम.

खटल्याची भाषा इतकी स्वस्त होणं चांगलं नाही. इंग्लंडमध्ये रेल्वे कंपन्यांनी असेच तिकिटांचे खटले झटपट पद्धतीने चालवले, प्रवाशाला कोर्टात न बोलावता, नुसतं पत्र पाठवून. पण ज्या कायद्याखाली ते खटले भरले, त्यातल्या गुन्ह्यांना ती पद्धत लागूच नव्हती. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या मुख्य दंडाधिकाऱ्यांनी सहा खटले रद्दबातल ठरवले आणि त्यामुळे सुमारे ७४ हजार खटले रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यांतल्या किती जणांनी नुसत्या पत्राला घाबरून पैसे भरले असतील!

माझी मागणी साधी आहे. टीसीने दंड मागताना कोणतं कलम लावतो ते सांगावं आणि पावतीवर ठळक छापावं. फोन बंद पडलेल्या प्रवाशाला तो चालू करायला दहा मिनिटं द्यावीत. फोन चालू झाला की तिकीट आहे की नाही, ते तिथेच कळेल. एकोणीस वर्षांच्या मुलीला तुरुंगाची भीती घालण्याचा अधिकार कुणालाही नाही, तिने तिकीट काढलेलं नसतं तरीही.

आणि 'मग कागदी तिकीट घ्यायचं होतं' असं म्हणणाऱ्यांनी आमच्या स्टेशनावर संध्याकाळी सहाला यावं. तीन खिडक्या आहेत, उघडी असते एक. रांग जिन्यापर्यंत जाते. आपलं आपण तिकीट काढायच्या एटीव्हीएम यंत्रांपैकी एकावर बंद असल्याचा कागद चिकटवलाय, तोही आता पिवळा पडला आहे. दुसरं यंत्र कार्ड वाचत नाही. मी स्टेशनमास्तरांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली, उत्तर अजून नाही. विनातिकीट प्रवाशांवर मोहीम काढायला माणसं मिळतात, तर दुसरी खिडकी उघडायला का मिळत नाहीत, हे आपल्या वार्ताहराने एकदा विचारून छापावं.

आपली,
एक पासधारक प्रवासी, डोंबिवली