धडधाकट असण्याची शिक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतल्या उपासमारीवरचे रविवारच्या पुरवणीतले पान वाचले. कडेवर मूल घेतलेली आई, भेगाळलेली जमीन आणि मजकुरात 'दुष्काळ'. मी नोकरीनिमित्त काही वर्षे मलावीत होतो, म्हणून थोडे लिहितो.

म्चिंजी जिल्ह्यात आमचे शेंगा खरेदीचे केंद्र होते. तिथे निवडणीला येणाऱ्या एका बाईचा नवरा दक्षिण आफ्रिकेत कामाला गेला, तो गेलाच. पदरात तीन मुले. चेवा लोकांत जमीन आईकडून मुलीकडे जाते, त्यामुळे वावर तिचे होते. पाऊसही बरा होता. तरी घरात उपास!

मक्याचे पीक तिथे वर्षातून एकदाच, एप्रिल-मेमध्ये हाती येते. जानेवारीत कणगी रिकामी होते आणि नेमकी तेव्हाच खुरपणीची घाई. ही बाई आपले तण तसेच ठेवून दुसऱ्याच्या रानात 'गन्यू'ला, म्हणजे रोजंदारीला जाई. दिवसभर कुदळ मारून पाटीभर मका. फारच ओढ लागली तर मदेया, मक्याचा कोंडा. मी शहाणपणा करून विचारले, आधी आपले रान का खुरपत नाहीस? म्हणाली, "मग रात्री काय शिजवू?" साहजिकच तिचे पीक निम्म्यावर येई आणि पुढच्या वर्षी कणगी आणखी लवकर रिकामी होई. पाऊस चांगला झाला तरी हे रहाटगाडगे थांबत नाही. तुमच्या लेखात याचा उल्लेखच नाही.

सरकारी मदत आहे. गरिबांना थेट रोख देणारी 'म्तुकुला पाखोमो' योजना 2006 मध्ये याच म्चिंजीत सुरू झाली, पुढे देशभर गेली. पण घर अतिगरीब असून भागत नाही. कमावते हात नसावेत, किंवा एका कमावत्यामागे तिनाहून अधिक खाणारी तोंडे असावीत. हिच्यामागे तीनच. हातपाय धड, म्हणून यादीत नाव नाही! खुरपणीआधी थोडी रोख मिळती, तर ती स्वतःच्या रानात राबली असती. धान्याची पोती येतात ती बोंबाबोंब झाल्यावर.

तिची थोरली जानेवारी-फेब्रुवारीत शाळेत दिसत नसे. प्राथमिक शाळेला 1994 पासून फी नाही, हे खरे. पण आई परक्या रानात असताना धाकट्याला चितेंजेने, म्हणजे बायका अंगाला गुंडाळतात त्या कापडाने, पाठीशी बांधून बांधावर बसायला कोणीतरी लागतेच.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड